स्वसंरक्षणाचा हक्क आणि खुनाचे अपील

५ मार्च १९५० रोजी तत्कालीन मध्य प्रदेशातील कटनी येथे दंगल उसळली. फाळणीनंतर तेथे येऊन वसलेले काही सिंधी निर्वासित आणि गावातील मुसलमान यांच्यातील ही दंगल होती. बाजारातील मुसलमानांची दुकाने लुटली गेली, काहींचे प्राण गेले. तेथून जमाव पुढे सरकला आणि अमजद खान या दुकानदाराच्या इमारतीशी येऊन थडकला. दुकानाच्याच मागे त्याचे राहते घर होते. जमावाने इमारतीचा दुसरा भाग फोडून लुटला. घरातील बायकामुले जीव मुठीत धरून त्याच्या आश्रयाला धावली आणि पाठोपाठ त्याच्या स्वतःच्या दारावर लाठ्यांचे तडाखे बसू लागले. त्याने बंदूक उचलली आणि दोन गोळ्या झाडल्या. जमावातील एक जण ठार झाला, काही जखमी झाले.

सत्र न्यायालयाने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. नागपूर ही तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी असल्याने अपील नागपूर उच्च न्यायालयापुढे आले आणि तेथेही शिक्षा कायम राहिली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९५२ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता केली. निकालपत्र न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिले. दिल्लीला जाण्यापूर्वी ते याच नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

या निकालात लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, कोणताही नवा पुरावा पुढे आलेला नव्हता. उच्च न्यायालयाने जी वस्तुस्थिती सिद्ध मानली होती, तीच सर्वोच्च न्यायालयाने आधाराला घेतली. गोळी कोणी झाडली आणि त्या गोळीने कोण मेले, याविषयी वादच नव्हता. प्रश्न एवढाच होता की, दारावर लाठ्या बसत असताना आत उभ्या असलेल्या माणसाला कशाची भीती वाटणे रास्त होते? दार अजून फुटलेले नव्हते, त्याच्या दुकानातील वस्तूला अजून कोणी हात लावलेला नव्हता, हे खरे. पण शेजारच्या भागावर जे ओढवले ते आपल्यावर ओढवणार नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आणि दार फुटेपर्यंत थांबण्याचे बंधन कायदा त्याच्यावर घालीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. अशा गोष्टी सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाहीत, हा त्या निकालाचा आशय पुढे असंख्य निकालपत्रांतून उतरत गेला. आजही स्वसंरक्षणाचा बचाव घेऊन उभे राहणाऱ्या वकिलाच्या तोंडी तो हमखास असतो.

खुनाच्या बहुतेक अपिलांत भांडण असते ते ‘मारले कोणी’ याचे. ओळखपरेड, हत्यारावरील रक्त, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचे रात्रीच्या अंधारात उभे असणे, यावर तासन् तास युक्तिवाद होतो. स्वसंरक्षणाच्या अपिलात आरोपीचे म्हणणे निराळे असते. होय, मारले मीच. पण तो गुन्हा नव्हे. हे दयेचे आर्जव नाही किंवा शिक्षा कमी करण्याची विनंतीही नाही. खासगी संरक्षणाचा हक्क बजावताना केलेली कोणतीही गोष्ट अपराध होत नाही, असे भारतीय दंडविधानाच्या ९६व्या कलमाने स्वच्छ शब्दांत सांगितले होते. मराठी वाचकाला खुनाचे अपील म्हटले की नानावटी खटला आठवतो. तो येथे बाजूला ठेवलेला बरा. नानावटी यांचा बचाव झटापटीत गोळी सुटल्याचा, आणि ते न मानल्यास गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा होता. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळली. प्रक्षोभ हा रागाचा प्रदेश आहे. स्वसंरक्षणाचा आधार भीती हा आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने या दोन भावनांत फार मोठे अंतर आहे. राग सिद्ध झाला तर खुनाचा सदोष मनुष्यवध होईल; भीती रास्त ठरली तर आरोपी सुटेल.

१८६० च्या दंडविधानात या हक्काचे नियम ९६ ते १०६ या अकरा कलमांत होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तीच कलमे किरकोळ फेरफारांसह ३४ ते ४४ या क्रमांकांनी तेथे गेली. ज्या घटना त्या तारखेपूर्वीच्या आहेत त्यांना जुनेच दंडविधान लागू असल्याने, न्यायालयांत प्रलंबित असलेल्या अपिलांतून जुने क्रमांक अजून बराच काळ ऐकू येत राहतील. येथे त्या क्रमांकांच्या जंजाळात फार शिरण्याचे कारण नाही. तीन गोष्टी मात्र समजून घेतल्याशिवाय एकही निकाल नीट वाचता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हा हक्क सुरू कधी होतो. अंगावर घाव पडल्यावर नव्हे, तर घाव पडणार अशी वाजवी भीती निर्माण होताच. प्रत्यक्ष गुन्हा घडलेला नसला तरी त्याच्या प्रयत्नातून वा धमकीतून धोका जाणवला की हक्क जागा होतो आणि तो धोका टिकून असेपर्यंतच टिकतो. कटनीचा दुकानदार सुटला तो या नियमामुळे. ‘वाजवी’ या शब्दावर मात्र सारे अवलंबून आहे. भित्र्या माणसाला सावलीचीही भीती वाटेल, पण ती कायद्याला पुरत नाही. उलट, आरोपीचा अंदाज नंतर चुकीचा ठरला म्हणून त्याची त्या क्षणाची भीती अवाजवी ठरत नाही.

दुसरी गोष्ट जीव घेण्याच्या मर्यादेची. प्रत्येक हल्ल्याला जीव घेऊन उत्तर देता येत नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण अशा कायद्याने सांगितलेल्या प्रसंगांतच हा हक्क समोरच्याचा प्राण घेण्यापर्यंत पोहोचतो. २०१३ मध्ये त्या यादीत अॅसिडहल्ल्याची भर पडली. मालमत्तेच्या बाबतीत मर्यादा आणखी आखूड आहे. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा प्रतिकार न केल्यास जीव जाईल अशा परिस्थितीतील चोरी, यांखेरीज मालमत्तेसाठी कोणाचा जीव घेता येत नाही. अंगणातून सायकल घेऊन पळणाऱ्याला गोळी घालणाऱ्या घरमालकाला या कलमांत आसरा सापडणार नाही. शहरांतील सोसायट्यांत चोर सापडला की त्याला खांबाला बांधून मारण्याचे जे प्रकार होतात, त्यांना तर नाहीच नाही. बांधलेल्या माणसापासून कसले संरक्षण?

तिसरी गोष्ट मधल्या मार्गाची, आणि अपिलात सर्वाधिक महत्त्व येते ते बहुधा यालाच. हक्क होता, पण तो बजावताना आरोपीने मर्यादा ओलांडली, असे न्यायालयाला वाटले तर काय? पूर्वयोजना नसेल, आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याचा हेतू नसेल आणि कृती सद्‌भावनेने झालेली असेल, तर तो खून न राहता खून या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध ठरतो. खुनाला जन्मठेपेपेक्षा कमी शिक्षाच नाही. सदोष मनुष्यवधाला जास्तीत जास्त जन्मठेप असली तरी दहा वर्षांपर्यंतचा कारावास देण्याचाही पर्याय न्यायाधीशांपुढे असतो. नव्या संहितेने त्याला पाच वर्षांची किमान मर्यादा घातली आहे. म्हणून अनुभवी वकील अपिलात दुहेरी युक्तिवाद करतात. आधी पूर्ण मुक्तता मागतात. ती नसेल तर निदान मर्यादाभंगाचा अपवाद लावा, अशी विनंती करतात.

मर्यादेचे हे माप काढताना न्यायालये एक सवलत देतात. जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक घाव मोजूनमापून, समोरच्याच्या घावाला नेमका बेतून घालावा, अशी अपेक्षा ती ठेवीत नाहीत. गोळी पायावर झाडता आली असती, एकच घाव पुरला असता, ही वाक्ये निवांत खोलीत बसून लिहायला सोपी असतात. तसेच, पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तर हा हक्क मिळत नाही, असे कायदा म्हणतो. पण तो अवसर प्रत्यक्ष हाताशी असावा लागतो. पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर होते एवढ्याने भागत नाही. दंडविधानात तर एक उदाहरणच दिले होते. एखाद्यावर जमाव जीव घेण्यासाठी चालून आला, गोळीबाराशिवाय त्याला स्वतःचे रक्षण करता येत नाही आणि जमावात लहान मुले मिसळलेली आहेत. त्याच्या गोळीने एखाद्या मुलाला इजा झाली तरी तो अपराध करीत नाही, असे कायदा सांगतो. हे उदाहरण वाचताना अंगावर काटा येतो. पण हक्क किती दूरवर नेलेला आहे ते त्यावरून कळते.

आता दुसरी बाजू. मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही. ज्याने मारले त्याचीच हकिगत न्यायालयापुढे असते आणि ती त्याच्या सोयीची असणार, हे उघड आहे. म्हणून या हक्काच्या आड सूड लपलेला नाही ना, हे पाहणे न्यायालयाला भाग पडते. या बाबतीत दोन मराठी न्यायमूर्तींचे निकाल आजही वाचण्यासारखे आहेत.

मूळचे साताऱ्याचे आणि पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९६२ मध्ये जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्याचा निकाल लिहिला. शेतजमिनीवरून दोन गटांत हाणामारी झाली होती आणि आरोपींनी बंदुका चालवल्या होत्या. आपल्यावर हल्ला झाला, असा त्यांचा बचाव होता. अशा प्रसंगी आरोपीच्या त्या वेळच्या मनःस्थितीला वाव दिला पाहिजे, हे न्या. गजेंद्रगडकरांनी मान्य केलेच. पण हल्लेखोरांनी पाठ फिरवली, धोका सरला, की हक्कही तेथेच संपतो, असे त्यांनी ठामपणे सांगितले. पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळीला स्वसंरक्षण म्हणता येणार नाही. आरोपींचा बचाव त्यावर कोसळला. भीती आणि सूड यांच्यात कधी कधी काही सेकंदांचेच अंतर असते, आणि त्या सेकंदांवर जन्मठेप अवलंबून असते.

दुसरा निकाल न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचा, १९७४ चा, उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध रामस्वरूप. बदायूँच्या भाजीबाजारात सकाळी एका माणसाला खरबुजांची टोपली हवी होती. ती दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवल्याचे सांगून विक्रेत्याने ती देण्यास नकार दिला. शब्दाने शब्द वाढला. माणूस धमकी देऊन निघून गेला आणि तासाभराने तीन मुलांना घेऊन परत आला. एका मुलाच्या हाती बंदूक होती. त्या बंदुकीच्या गोळीने विक्रेता मेला. बापावर लाठ्यांचा मारा होत होता म्हणून मुलाने गोळी झाडली, असा बचाव घेण्यात आला आणि उच्च न्यायालयाला तो पटलाही. सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारला नाही. जो स्वतः हत्यारबंद होऊन भांडण उकरायला जातो, त्याला समोरून प्रतिकार झाला म्हणून संरक्षणाचा हक्क मिळत नाही, कारण तो प्रतिकारच मुळात कायदेशीर असतो. गोळी झाडणारा मुलगा खुनाबद्दल दोषी ठरला.

हे तिन्ही निकाल शेजारी ठेवले तर दिसते की कायदा एकच आहे. निकाल फिरतात ते घटनेच्या तपशिलावर. मग हा तपशील सिद्ध कोणी करायचा?

पुराव्याच्या कायद्याचे १०५वे कलम, म्हणजे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे १०८वे, म्हणते की आपले कृत्य अपवादात बसते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीची. हे ऐकून वाचक दचकेल. पण व्यवहारात ती जबाबदारी दिसते तेवढी जड नाही. गुन्हा संशयातीतपणे सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावरून कधीच उतरत नाही. आरोपीला मात्र आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढेच दाखवावे लागते. त्यासाठी स्वतः पिंजऱ्यात उभे राहण्याची किंवा साक्षीदार आणण्याचीही त्याला गरज नाही. सरकारी साक्षीदाराच्या उलटतपासणीत निघालेले एखादे वाक्य, डॉक्टरांचा दाखला, घटनास्थळाचा पंचनामा, यांतूनही त्याचा बचाव उभा राहू शकतो.

आणि येथे आपल्याकडील फौजदारी खटल्यांचा एक जुना दोष सांगितला पाहिजे. पुष्कळ आरोपी खरे बोलायला कचरतात. ‘मी मारले, पण नाइलाजाने’ असे कबूल केले तर आपण फासात मान दिली असे त्यांना वाटते. वकीलही कधी कधी तसाच सल्ला देतात. मग ‘मी तेथे नव्हतोच’ हा ठरीव बचाव येतो. तो साक्षीपुराव्यात टिकत नाही, आणि खोटे बोलणाऱ्याची भीतीही खोटी असावी असा ग्रह होतो. अशा वेळी अपील हा आधार ठरतो. आरोपीने स्वसंरक्षणाचा बचाव घेतलेला नसला तरी नोंदवलेल्या पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाने त्याचा विचार केला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातील मुन्शीराम खटल्यापासून सांगितले आहे. म्हणजे खालच्या न्यायालयात कोणाच्या तोंडून न निघालेली गोष्ट उच्च न्यायालयात कागदपत्रांतून वर येऊ शकते. पहिल्या अपिलात उच्च न्यायालयाने केवळ कायद्याचा मुद्दा पाहून भागत नाही; सारा पुरावा नव्याने तपासणे त्याचे कर्तव्यच आहे.

या तपासणीत सर्वांत बोलका पुरावा असतो आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा. मृताचे शवविच्छेदन होतेच. आरोपीलाही जखमा असतील तर त्या कशा झाल्या, हे सरकारी साक्षीदारांनी सांगायला हवे. त्याच घटनेत झालेल्या गंभीर जखमांबद्दल ते मौन पाळत असतील तर घटनेचे मूळच त्यांनी दडवले असावे, असा निष्कर्ष निघू शकतो, हे १९७६ च्या लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या निकालाने अधोरेखित केले. अर्थात खरचटण्याएवढ्या जखमांनी खटला फिरत नाही. पण पहिल्या काही तासांत आरोपीला डॉक्टरांकडे नेले की नाही, जखमेची लांबी-खोली लिहिली की ‘किरकोळ इजा’ एवढेच खरडले, यावर दहा वर्षांनंतरचा निकाल अवलंबून राहतो. तपासी अंमलदाराच्या लेखी मात्र तो केवळ एक आरोपी असतो.

दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात असा पुरावा निर्णायक ठरला. १९९१ च्या जुलैत शेतजमिनीच्या वादातून झालेल्या भांडणात मृताने दर्शन सिंग यांच्या वडिलांवर गंडाशाचा घाव घातला आणि मुलाने बंदूक चालवली, असा बचाव होता. वडिलांना जखम झाल्याचे दिसत होते. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने ती मुक्तता रद्द करून खुनाबद्दल दोषी ठरवले. सुटलेल्याला उच्च न्यायालयाने अशी शिक्षा दिली तर सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा त्याला हक्कच असतो. एरवी दुसऱ्या अपिलासाठी त्या न्यायालयाची विशेष परवानगी लागते. २०१० च्या जानेवारीत न्या. दलवीर भंडारी यांनी लिहिलेल्या निकालाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि पूर्वीच्या निकालांचा मागोवा घेऊन या हक्काची दहा तत्त्वे एकत्र मांडली. कायद्याने वागणाऱ्या नागरिकाने हल्ल्यापुढे भित्रेपणाने पळ काढावा, अशी अपेक्षा कायदा ठेवीत नाही, हा त्यातील विचार वृत्तपत्रांनी ठळकपणे छापला. बळाचा वापर धोक्याच्या मानाने अवास्तव नसावा, हेही त्याच दहा तत्त्वांत होते. त्याकडे मात्र तेवढे लक्ष गेले नाही.

अमजद खानचा खटला दोन वर्षांत शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचला होता. दर्शन सिंगच्या खटल्याला साडेअठरा वर्षे लागली. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करून जामीन देण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. पण खुनाची शिक्षा झालेल्याच्या बाबतीत तो सढळ हाताने वापरला जात नाही. त्यामुळे दार फुटण्याच्या आधी गोळी झाडणे रास्त होते की नाही, याचा निर्णय होईपर्यंत ती झाडणारा माणूस बहुधा तुरुंगातच असतो.